मोडीचा भाव

आमच्या देव्हाऱ्यातील खंडोबाला नाक नाही. डोळे आहेत असे केवळ म्हणावयाचे. भंडाऱ्याचे बोट जेथे नेमके टेकते तेथे दोन पुसट उंचवटे तेवढे उरले असून, ते डोळे आहेत हे ज्याला मूर्तीची जुनी ओळख आहे त्यालाच कळावे. घोड्याचे कान झिजून मानेत मिसळले आहेत, मागे बसलेल्या म्हाळसेचे मुख कृष्णेच्या पात्रातील गोट्यासारखे गुळगुळीत झाले आहे, आणि घोड्याच्या पोटाखालून धावणारा प्राणी कुत्रा आहे हे लहानपणी आजीने सांगितले नसते, तर मी त्याला घोड्याचा पाचवा पायच समजत राहिलो असतो. उंची चार बोटे. वजन, जे मी एकदा किराणा दुकानाच्या काट्यावर, दुकानदाराची पाठ वळलेली पाहून, काहीशा अपराधी मनाने करून घेतले, ते चारशे दहा ग्रॅम.

गेल्या मार्गशीर्षात, चंपाषष्ठीला चार दिवस उरले असता, इंग्लंडात नोकरीस असलेल्या माझ्या पुतण्याने मला फोनवर एक छायाचित्र पाठविले आणि खाली एवढेच लिहिले, ‘काका, ओळखा पाहू.’ मी ओळखले, आणि ओळखताक्षणीच जे केले ते सांगावयास संकोच वाटतो. हातातील चहा तसाच टाकून मी देवघरात गेलो आणि आमचा देव जागेवर आहे की नाही याची खातरजमा करून आलो. देव जागेवर होता. छायाचित्रातला दुसरा होता. तोच घोडा, तीच म्हाळसा, तोच पाचवा पाय, आणि मुखावर तीच सपाटी. तो तेथील एका लिलावाच्या सूचिपत्रात छापलेला होता, आणि त्याखाली खंडोबा व म्हाळसा, महाराष्ट्र, अठरावे शतक, ब्राँझ, अशी त्रोटक नोंद देऊन पुढे अंदाजे किंमत दिली होती. ती काही हजार पौंडांच्या घरातली होती. आमच्या घराच्या मागल्या पडवीचे पत्रे बदलणे तीन वर्षे लांबणीवर पडले आहे, हे त्या क्षणी मला आठवले नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल.

ब्राँझ म्हणजे कांसे, तांबे आणि कथिल यांचा मिलाफ. आणि आमच्याकडचे बहुतेक देव वस्तुतः पितळेचे, म्हणजे तांबे आणि जस्त यांचे असतात. परंतु बाजारात ब्राँझ या शब्दाला जी प्रतिष्ठा आहे ती पितळेला नाही, म्हणून समुद्रापलीकडे गेल्यावर पितळेचे देवही ब्राँझचे होतात. आमच्याकडे याच्या उलट घडले. कांस्यकार या शब्दापासून निघालेला कासार आज बांगड्याही भरतो, आणि त्याच्या नावात कांसे दडले आहे हे बांगड्या भरणाऱ्या बायकांच्या गावीही नसते.

पण मला थांबविले ते धातूच्या नावाने नव्हे. नोंदीत एक वाक्य होते. मूर्तीची मुखे दीर्घकाळच्या पूजेने झिजली असून अंगावर सुंदर तपकिरी झळाळी चढली आहे, अशा आशयाचे. हे दोन्ही गुण म्हणून सांगितले होते, आणि दोन्हींमुळे किंमत वाढत होती. आमच्या घरात यांपैकी दुसऱ्याला कळक म्हणतात. दसऱ्याच्या आधी देव उजळावयास काढले म्हणजे आजी चिंचेचा कोळ आणि राखुंडी घेऊन बसे, आणि देवाच्या अंगावर तपकिरी छटेचा कण जरी दिसला तरी घरातील सुनांच्या आळसावर एक स्वतंत्र प्रवचन होई. तेव्हा त्या परक्या खंडोबाच्या अंगावर जी झळाळी चढली होती, ती पूजेने चढलेली असणे शक्यच नव्हते. पूजेत असलेल्या धातूवर तसा थर टिकत नाही. म्हणजे त्या एका वाक्यात विकणाऱ्याच्या नकळत दोन वेगवेगळ्या काळांची कैफियत लिहिली गेली होती. झीज ही जोवर कुणी पूजा करीत होते तोवरची, आणि तो तपकिरी थर ती पूजा थांबल्यानंतरचा, काचेच्या कपाटातल्या वर्षांचा. विकत घेणारा दोहोंचेही मोल देत होता.

पूर्वस्वामित्वाच्या रकान्यात लिहिले होते की, हा देव १९६० नंतरच्या दशकात युरोपातील एका खाजगी संग्रहात आला. त्याआधीचे काही नाही. १९७० साली युनेस्कोने सांस्कृतिक संपत्तीच्या चोरट्या वाहतुकीविरुद्ध जो करार केला, त्यानंतर अशा बाजारात त्या सालाच्या आधीची मालकी दाखविता येणे हे मोठे प्रशस्तिपत्र ठरले, आणि म्हणून पुष्कळ देवांची वंशावळ त्या सालाच्या मागे चारदोन पावले जाऊन थांबते. अठराव्या शतकातील एका मूर्तीच्या आयुष्याची दीडशेहून अधिक वर्षे, ज्या वर्षांत तिचे नाक गेले ती वर्षे, कोऱ्या कागदासारखी सोडलेली असतात. ज्या झिजेचे पैसे घ्यावयाचे, ती कुणाच्या बोटांनी झाली एवढाच तपशील त्या नोंदीत नाही.

लिलाव हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला आणि त्यांनी तो अरबांकडून उचलला, असे व्युत्पत्तिकार सांगतात. आमच्याकडील जुन्या दफ्तरांत ज्याला हर्राशी म्हणत, तिचेही मूळ अरबीच. शब्द परके असले तरी व्यवहार मात्र आमच्या पलूस-तासगावच्या मुलखाच्या अंगवळणी पडलेला आहे. तासगावास आणि सांगलीस बेदाण्याचे सौदे निघतात, सांगलीची हळदीची पेठ तर पिढ्यान्‌पिढ्या गाजलेली. आणि बैलबाजारात उपरण्याखाली हात घालून बोटांच्या पेरांवर किंमत ठरविण्याची रीत मी स्वतः, वडिलांच्या मागे उभे राहून, पुष्कळदा पाहिली आहे. आमच्या बाजारात माल हाताने पाहतात. बेदाणा मुठीत घेऊन चोळतात, चार दाणे तोंडात टाकतात. हळकुंड मोडून आतला रंग बघतात. बैलाचे दात मोजतात, शेपटीखाली हात घालतात, आणि मगच सवाल करतात. बोटांनी झिजलेली वस्तू बोट न लावता, पडद्यावरील चित्र पाहून, समुद्रापलीकडून बोली लावून घ्यावयाची, हे माझ्या पलूसकर बुद्धीस पटण्यासारखे नव्हते. परंतु देव न हाताळता विकत घेणाऱ्याला निदान विटाळाचा तरी प्रश्न नाही, असे आजी म्हणाली असती.

माझे वडील किर्लोस्करवाडीच्या ओतशाळेत साचे भरीत. पलूसहून तेथवर सायकलने जावयाचे आणि संध्याकाळी नखांत काळी वाळू घेऊन परतावयाचे, हा त्यांचा अखंड परिपाठ. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या त्या निवडुंगाच्या माळावर कारखाना उभारला तो प्रथम लोखंडी नांगरासाठी, हे सर्वश्रुत आहे; परंतु हेच लक्ष्मणराव तारुण्यात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले होते आणि डोळ्यांना रंग नीट ओळखू येत नाहीत म्हणून तो नाद त्यांना सोडावा लागला, ही गोष्ट माझ्या वडिलांना नांगरापेक्षा अधिक प्रिय होती. त्याहून प्रिय होती ती तोफांची. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासे झाले, भट्ट्या थंडावण्याची वेळ आली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पन्हाळ्यावर पडून असलेल्या जुन्या तोफा किर्लोस्करांना देऊन टाकल्या, आणि त्या वितळून त्यांचे नांगर झाले. आज त्यांतील एखादी तोफ उरली असती, तर तिच्याभोवती कठडा घालून पाटी लावली असती, किंवा कुठल्यातरी दूरच्या शहरात तिच्यावर बोली लागली असती. हे मी एकदा वडिलांजवळ काहीशा हळहळीने बोललो, तेव्हा ते म्हणाले, “भट्टीत गेल्यावर तोफ काय अन् तवा काय, रस तो रसच. त्या साली नांगर पाहिजे होता.” मी पुढे बोललो नाही. माझ्या हळहळीने त्या वर्षी कुणाच्या रानातले एकही तास निघाले नसते.

ओतारी जो देव घडवितो, त्याची रीत कारखान्यातल्या ओतकामाहून निराळी. येथे लाकडी नमुना वाळूत दाबून एकाच आकाराचे शेकडो फाळ काढता येतात. तेथे प्रथम मेणाचा देव करावा लागतो, त्यावर मातीचे लेप द्यावे लागतात, मग तो साचा तापवून मेण वाहून जाऊ द्यावयाचे आणि त्याने सोडलेल्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा. रस निवाला की साचा फोडावा लागतो. संस्कृतात याला मधूच्छिष्टविधान असे गोड नाव आहे, कारण मेण म्हणजे मधाचे उष्टे. आणि कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचविलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात, मेणाच्या वजनाच्या आठ-दहापट पितळ किंवा तांबे, बारापट चांदी आणि सोळापट सोने घ्यावे, इतक्या बारकाईने त्याचा हिशेब दिलेला आहे. एवढ्या मोठ्या राजाने मेणाच्या गोळ्याचे वजन करावयास बसावे, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले. या रीतीमुळे प्रत्येक देव एकुलता एक असतो. म्हणून पुतण्याने पाठविलेला खंडोबा आमच्या खंडोबाचा जुळा भाऊ असू शकत नाही. घडताना ते दोघे वेगळेच घडले असतील. एकाचे नाक सरळ असेल, दुसऱ्याचे थोडे बसके. एकाच्या मिशीला अधिक पीळ असेल. ते एकसारखे झाले ते नंतर, रोज सकाळच्या अंगठ्याखाली.

आणि फार झिजले म्हणजे त्यांचे काय करावयाचे, याविषयीही आमच्याकडे कसलाच संभ्रम नव्हता. भंगलेला देव औदुंबरास नेऊन कृष्णेच्या डोहात सोडावा, किंवा ओताऱ्याकडे देऊन त्याच धातूत नवा करून घ्यावा. फुटकी भांडी जशी कासाराकडे मोडीत देऊन, वर थोडे पैसे घालून, नवी आणावयाची, तसेच देवाचे. मोड या शब्दात आम्ही नाश कधी ऐकला नाही. मटकीलाही मोडच येतात. सूचिपत्रातल्या खंडोबाला, तो आमच्या पंचक्रोशीत राहिला असता, तर आणखी एकदोन पिढ्यांनी कुणीतरी मोडीत घातले असते आणि त्याच पितळेतून धारदार नाकाचा नवा खंडोबा निघाला असता. ज्या गुणासाठी तेथे हजारो पौंड मोजतात, तोच गुण येथे त्याला भट्टीत नेणारा होता. यांत कोणाचे चुकले हे मला आजवर ठरविता आलेले नाही.

मोडीवरून दायमाबाद आठवते. प्रवरेच्या काठी, श्रीरामपूर तालुक्यातील त्या गावी, १९७४ साली छबू लक्ष्मण भिल्ल नावाचा शेतकरी झाडाचे खोड मुळासकट खणून काढीत असता त्याच्या कुदळीला धातू लागला आणि जमिनीतून चार वस्तू निघाल्या: बैलांची जोडी जुंपलेला आणि वर सारथी उभा असलेला रथ, एक रेडा, एक हत्ती आणि एक गेंडा. चारही भरीव, सर्वांचे मिळून वजन साठ किलोंहून अधिक. त्या किती प्राचीन यावर पंडितांत वाद झाला; कुणी त्या उत्तर-हडप्पा काळातील ठरविल्या, तर कुणी धातूतील सोमलाच्या अंशाकडे बोट दाखवून शंका घेतली. मला मात्र राहून राहून त्या पहिल्या संध्याकाळचा विचार येतो. साठ किलो तांबे म्हणजे भंगाराच्या भावानेही गरिबाला लहान रक्कम नव्हे. जमिनीत सापडलेले धन दहा रुपयांहून अधिक किमतीचे असल्यास कलेक्टरास कळवावे, असा १८७८ चा कायदा. आणि तो कायदा ठाऊक असो वा नसो, जे सापडले ते मोडीत गेले नाही. रथाचा सारथी आज काचेआड उभा आहे, तो एका संध्याकाळी तागडीवरून वाचलेला आहे. आमच्या जवळच्या कोल्हापुरात, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकाडात, गेल्या शतकाच्या पाचव्या दशकात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन निघाला. वीतभर उंचीचा, ब्राँझचा, समुद्रावरून व्यापाऱ्यांबरोबर आलेला. तो तेथील टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. म्हणजे देवांचा प्रवास एकाच दिशेने झाला असे नाही, एवढे आपण प्रामाणिकपणे लिहून ठेवले पाहिजे.

उलट दिशेच्या प्रवासाची एक हकीकत तर आमच्या तासगावाशी निगडित आहे. (पलूसचा वेगळा तालुका झाला तो परवा; त्यापूर्वी आम्ही तासगावकरच.) टिपूवरील मोहिमेत, १७९० पासून दोन वर्षे, तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजेबरोबर कंपनीची एक पलटण होती, आणि तिच्यात एडवर्ड मूर नावाचा विशीच्या आतबाहेरचा इंग्रज अधिकारी होता. जखमी होऊन तो परतला आणि त्याने त्या मोहिमेवर पुस्तक लिहिले. परंतु त्याचे खरे वेड पुढे प्रकटले. मुंबई इलाख्यात नोकरी करीत असता त्याने आपल्या इकडच्या देव्हाऱ्यांत असतात तसल्या छोट्या ओतीव मूर्ती शेकडोंनी गोळा केल्या, आणि १८१० साली ‘हिंदू पॅन्थिऑन’ हा मोठा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला, ज्यातील चित्रे बव्हंशी त्या मूर्तींवरूनच काढलेली होती. त्याच्या वंशजांनी तो संग्रह पुढे जपला आणि १९४० साली त्याचा मोठा भाग ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. मूरसाहेबाविषयी माझ्या मनात कटुता नाही. आमच्या देवांकडे कुतूहलाने पाहणाऱ्या आरंभीच्या इंग्रजांत तो होता. पण त्याच्याबद्दलची एक गोष्ट मी पुतण्याला आवर्जून सांगितली. १८३४ साली सफोक परगण्यातील त्याच्या घरात, नोकरांना बोलाविण्यासाठी टांगलेल्या घंटा कोणीही दोरी न ओढता वाजू लागल्या, आणि महिना उलटून गेला तरी वाजत राहिल्या. साहेबाने कारण शोधण्याची शिकस्त केली, ते सापडले नाही, तेव्हा त्याने त्यावरही एक पुस्तक लिहिले. आजीला हे कळले असते तर तिने कारण तत्काळ सांगितले असते: आरतीची वेळ होत असेल.

मूरसाहेबाने नेल्या तसल्या मूर्तींसाठी आता आपल्याकडे कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती ही पुरावस्तू. १९७२ चा अधिनियम १९७६ च्या एप्रिलापासून अंमलात आला तेव्हापासून तिची नोंदणी करावी लागते, व्यापारास परवाना लागतो, आणि खाजगी व्यक्तीस ती देशाबाहेर नेता येत नाही. जे आधीच गेले त्याला कायदा पुरत नाही. तेथे पैसेच मोजावे लागतात. २०२५ च्या एप्रिलात नागपूरकर रघूजी भोसल्यांची तलवार लंडनच्या सदबीजमध्ये लिलावास निघाली आणि महाराष्ट्र शासनाने सुमारे ४७ लाख रुपये खर्चून ती घेतली. ऑगस्टात ती मुंबईस आली. सरकारने हर्राशीत उभे राहावे ही गोष्ट जुन्या दफ्तरदारांना विचित्र वाटली असती, मला ती योग्य वाटली. पण त्या तलवारीवर रघूजींचे नाव देवनागरीत कोरलेले होते. नाव होते म्हणून ती कुणाची हे सांगता आले, आणि कुणाची हे सांगता आले म्हणून तिच्यासाठी कुणी धावले. नाक नसलेल्या खंडोबावर नाव नसते.

मूरसाहेबाची गोष्ट ऐकल्यानंतर पुतण्याने विचारले, “काका, आपला देव आपल्याकडे आला कुठून? पालीहून आणला होता का?” प्रश्न साधा होता. पाली हे आमच्या घराण्याचे खंडोबाचे ठिकाण, आणि घराण्याचा देव मूळपीठाहून आणलेला असावा ही कल्पना स्वाभाविक. मी दोन दिवस उत्तर दिले नाही. कारण आमचा देव लिलावात आलेला आहे.

हे मला आजीने, मी कळता झाल्यावर, एकदाच सांगितले. साल १९३२ चे. मंदीने गूळ आणि हळद यांचे भाव इतके कोसळले होते की, बाजारात नेलेल्या मालाचे पैसे गाडीभाड्यात जात. वरच्या आळीतील एका कुटुंबावर सावकाराचा हुकूमनामा झाला, बेलीफ पंचांना घेऊन दारात आला आणि दवंडी पिटून भांडीकुंडी रस्त्यावर मांडली गेली. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कर्जदाराची आवश्यक वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण आणि धर्माचाराने स्त्रीच्या अंगावरून न उतरणारे दागिने जप्त करू नयेत, असे कलम आहे. परंतु आवश्यक किती हे ठरविणारा माणूस घाईत होता. एक तवा, दोन पातेली, एक तांब्या बाजूला सारून बाकीचे पाटीत भरले गेले, आणि ती पाटी माझ्या आजोबांनी सव्वाअकरा रुपयांना घेतली. आजोबा सावकार नव्हते. चार पैसे बाळगून असलेला, वाजवी भावात भांडी मिळाली तर नको न म्हणणारा गृहस्थ, असे त्यांचे वर्णन करता येईल. आणि मला वाटते की, लिलावात बोली लावणारे बहुतेक लोक असेच असतात.

घरी येऊन पाटी उपसली तेव्हा तळाशी एक तांब्याचे ताम्हण निघाले, ताम्हणात जुनेराचे गाठोडे, आणि गाठोड्यात हा खंडोबा. आजोबांचे म्हणणे पडले की, देव घाईघाईत चुकून आला. ते तसेच उठून परत द्यावयास गेले. दाराला कडी होती, बिऱ्हाड स्टेशनाच्या वाटेला लागले होते, मुंबईच्या गिरणीत कुणी नातलग होता त्याच्याकडे. आजीचे मत निराळे. गाठोडे बांधलेले होते, गाठ पक्की होती, आत भंडाऱ्याची पुडी होती. “चुकून आल्याला कोण पुडी बांधून देतंय?” ती म्हणे. “त्या बाईनं घर बघून दिला देव. मुंबईत चाळीच्या खोलीत त्याला काय दाखवणार होती, चुरमुरं?” पाटी कोण घेणार हे त्या बाईला आधी कसे कळावे, या माझ्या शंकेवर आजी गप्प राहिली, एवढेच म्हणाली की, आजोबा सकाळपासून त्या दारासमोर उभे होते.

याच्या सातच वर्षे आधी, १९२५ साली, कलकत्त्यातील मल्लिक घराण्याच्या वादात प्रिव्ही कौन्सिलने निवाडा दिला होता की, घराण्याचा देव ही काही जंगम चीजवस्तू नव्हे. कायद्याच्या दृष्टीने तो व्यक्ती आहे, आपण कोठे राहावे याविषयी त्याची इच्छा विचारात घेतली पाहिजे, आणि ती न्यायालयात मांडण्यासाठी त्याला त्रयस्थ प्रतिनिधी द्यावा. लंडनमध्ये बसून इतका हिंदू विचार कुणी केला असेल यावर माझा सहसा विश्वास बसला नसता. परंतु तो निवाडा मोठ्या घराण्याच्या देवापुरता राहिला. वरच्या आळीतील देवाची इच्छा, आजीखेरीज, कुणी मांडली नाही.

तेव्हापासून चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा पहिला नैवेद्य आमच्या घरातून त्या बंद दाराच्या उंबऱ्यावर जाई. माझ्या लहानपणी तो मीच नेऊन ठेवीत असे. मी वळण्याच्या आत कुत्री येत, आणि त्यात काही वावगे आहे असे कुणालाच वाटत नसे, कारण कुत्रा खंडोबाचाच. पुढे भिंती पडल्या, जागा विकली गेली, आता तेथे ट्रॅक्टर दुरुस्तीचे शेड आहे. नैवेद्य कुत्र्यांना अजून घालतो, आमच्याच अंगणात. मुंबईकडे चौकशी केली होती असे आजी सांगे. ती कितपत नेटाने केली, हे मी तिला विचारले नाही.

हे सगळे मी पुतण्याला लिहून कळविले. त्याचे उत्तर आले, “मग तो झिजला कुणाच्या हातानं, आपल्या की त्यांच्या?” माझ्याजवळ याचे उत्तर नव्हते. आमच्या पूजेला नव्वदांवर वर्षे झाली. त्याआधी किती पिढ्या त्या घरात गेल्या असतील, नाक कोणाच्या पाळीत गेले आणि डोळे कोणाच्या, हे अंगठ्याला कळत नाही. त्या परदेशी सूचिपत्रातल्या कोऱ्या रकान्यावर मी मनात जो राग धरला होता, तो त्या दिवसापासून मला पूर्वीसारखा धरता येत नाही.

यंदा श्रावणात सूनबाई म्हणाली, “आबा, ताम्हण गळतंय. मोडीत देऊ का? नवीन स्टीलचं घेऊ.” मी ते हातात घेऊन उजेडाकडे धरले. जुन्या भांड्यांवर कासाराकडून ठिपक्यांनी नाव घालून घेण्याची रीत होती, तशी त्याच्या काठाखाली आतल्या बाजूस पाच अक्षरे आहेत, त्या दुसऱ्या घराच्या कर्त्याची. ती येथे लिहिणे मला प्रशस्त वाटत नाही. टाचणीने टोचल्यासारखा उजेड तिसऱ्या अक्षरातून येत होता. ठिपका ठोकताना पत्रा तेथे पातळ झालेला, आणि वर आमची नव्वद वर्षांची चिंच. कासाराकडे नेले. त्याने तागडीत टाकून वजन सांगितले, मोडीचा भाव सांगितला, नको म्हटल्यावर झाळ लावून देतो म्हणाला, आणि बोटाने अक्षरे चाचपून पुढे म्हणाला, “पण झाळ बसली की हे अक्षर बुजणार बघा.”

मी ताम्हण तसेच परत आणले. आता देवाला स्नान घालताना त्याच्याखाली एक परात ठेवतो.